अज्ञानाची सबब

राज्यकर्ता रसिक असावा, त्याला ग्रंथांची गोडी असावी, असे आपल्याला मनापासून वाटते. एखाद्या मंत्र्याच्या घरी भिंतभर पुस्तके आहेत, प्रवासात त्याच्या हाती कादंबरी असते, साहित्यिकांशी त्याचा पत्रव्यवहार आहे, असे कानावर आले की त्याच्याविषयी आपले मन मऊ होते. महाराष्ट्रापासून दूर, नोकरीच्या निमित्ताने राजधानीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. इथे चार मराठी माणसे जमली आणि बोलणे जुन्या दिवसांकडे वळले, की यशवंतराव चव्हाणांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. आणि ते निघाले की ‘माणूस मोठा वाचक होता हो’ असे कोणीतरी म्हणतोच. संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी चार खाती ज्याने सांभाळली त्याच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असताना त्याच्या वाचनाचाच उल्लेख आपण इतक्या आवर्जून का करतो, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

त्या उद्गारात एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. जो पुष्कळ वाचतो तो अधिक सुजाण होतो, जो सुजाण होतो तो अधिक सहृदय होतो, आणि जो सहृदय असतो त्याच्या हाती सत्ता असली तर ती न्यायाने वापरली जाते, अशी ती साखळी आहे. प्लेटोने तत्त्वज्ञाच्या हाती राज्य द्यावे असे सांगितले तेव्हापासून ही साखळी विद्वानांच्या गळ्यात सोन्याच्या साखळीसारखी शोभून दिसत आली आहे. तिच्या कड्या खरोखरच एकमेकींत गुंतलेल्या आहेत काय, हे तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ मंत्र्यांचा असता तर तो मंत्र्यांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. परंतु सरकारी कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाती थोडीबहुत सत्ता असते, आणि हे मासिक हाती घेणारे बहुतेक सारे वाचणारे आहेत. तेव्हा प्रश्न आपलाही आहे.

यशवंतरावांचे वाचन हा हौसेचा भाग नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे. १९१३ साली देवराष्ट्रे येथे जन्मलेला हा मुलगा. वडील न्यायालयात बेलिफ होते. ते लवकर वारले आणि आई विठाबाईंनी कष्ट करून मुले वाढवली. घरात ग्रंथसंग्रह असण्याचा प्रश्नच नव्हता. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९३२ च्या कायदेभंगाच्या चळवळीत या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी येरवड्याला झाली. तिथे आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी अशा मंडळींचा सहवास त्याला लाभला. वाङ्मयाचे वर्ग चालत, विचारपद्धतींवर वाद झडत. शाळेने जे दिले नव्हते ते तुरुंगाने दिले, ही गोष्ट पुढे ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी कृतज्ञतेने सांगितली आहे.

त्या वर्षी महाराष्ट्रातील तुरुंगांचे रूपच पालटले होते. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत होते आणि साने गुरुजी ती उतरून घेत होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्याआधी मंडालेच्या कोठडीत टिळकांनी ‘गीतारहस्य’ सिद्ध केले होते, आणि पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरूंनी भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. आपल्या देशातील एका संपूर्ण पिढीच्या राजकारणाचा जन्म असा पुस्तकांच्या संगतीत, परंतु भिंतींच्या आड झाला. तुरुंगातल्या वाचनाचा एक विशेष असा, की त्यातून कोणताच लाभ साधायचा नसतो. परीक्षा नसते, बढती नसते, कोणावर छाप पाडायची नसते. कैद्याजवळ वेळेखेरीज काही उरलेले नसते, आणि ग्रंथ त्याला एकच प्रश्न विचारत असतो : तू कोणत्या प्रकारचा माणूस होणार आहेस?

सत्ता आली म्हणजे वाचनाचे स्वरूप बदलते. आता वेळ सोडून सारे काही असते. भोवती माणसे असतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही हवे असते, आणि ज्याला काही हवे असते तो खरे बोलताना शब्द तोलून मापून बोलतो. मोठ्या पदावरच्या माणसाला खरे ऐकायला मिळण्याची जागा दिवसेंदिवस आकुंचित होत जाते. अशा वेळी ग्रंथ हा त्याचा एकमेव निर्भय सोबती ठरतो. पुस्तक उठून उभे राहत नाही, हार आणत नाही, बदलीचा अर्ज पुढे करीत नाही. त्याला वाचणाऱ्याचे पद ठाऊकच नसते. कैद्याला त्याने विचारलेला प्रश्न आता काळ बदलून येतो : तू कोणत्या प्रकारचा माणूस झाला आहेस? ज्याला हा प्रश्न सोसतो तोच सत्तेवर असताना खऱ्या अर्थाने वाचू शकतो. बाकीचे पुस्तके चाळतात.

यशवंतराव मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच १९६० साली, साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना बसवण्यात आले. मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम याच मंडळाच्या छायेत वाईला सुरू झाले. नव्या राज्याला रस्ते, धरणे, कारखाने हवे असतात हे कोणीही सांगेल. त्याच यादीत विश्वकोशही बसतो हे सुचायला, आणि सुचल्यावर ते काम एका व्यासंगी पंडिताच्या हाती सोपवायला, राज्यकर्ता वाचणाराच असावा लागतो. आपल्या साखळीची एक कडी येथे पक्की आहे असे म्हणता येईल. वाचणारा राज्यकर्ता ज्ञानाची कदर करतो.

ग्रंथालयाच्या बाबतीत याहून थोडे अधिक म्हणता येईल. येथे दिल्लीत जुन्या रेल्वे स्थानकासमोर दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आहे. युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या ग्रंथालयाचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. फाळणीचे घाव ओले होते, निर्वासितांनी शहर भरले होते, घरांची आणि अन्नाची ददात होती. आणि अशा दिवसांत कोणालाही वर्गणी न देता पुस्तक घरी नेता यावे अशी सोय राजधानीत करण्यात आली. आम्हा सचिवालयातील लोकांसाठी शास्त्री भवनातील केंद्रीय सचिवालय ग्रंथालय आहे. त्याची मुळे १८९१ सालच्या कलकत्त्यापर्यंत पोहोचतात. भगवानदास मार्गावरील बहावलपूर हाऊसमध्ये त्याची तुलसी सदन ही शाखा हिंदी आणि प्रादेशिक भाषांतील ग्रंथांसाठी निघाली, आणि अनेक मराठी नोकरदारांना परक्या मुलखात आपल्या भाषेचा विसावा तिने दिला.

या शहरात ग्रंथालयाचे महत्त्व इतर शहरांपेक्षा वेगळे आहे. दिल्ली हे श्रेणींचे शहर आहे. माणूस कोणत्या वसाहतीत राहतो, त्याच्या घराचा ‘टाइप’ कोणता, खोलीत गालिचा आहे की नाही, यावरून त्याची किंमत इथे क्षणात ठरते. मेजावरची घंटा, दारावरची पाटी, गाडीवरचा दिवा यांच्या भाषेत हे शहर दीर्घकाळ बोलत आले आहे. ग्रंथालयातील फडताळ ही भाषा जाणत नाही. तेथे पुस्तके विषयाच्या क्रमाने उभी असतात, लेखकाच्या सेवाज्येष्ठतेने नव्हे. मंत्र्याचे आत्मचरित्र आणि त्याच मंत्र्यावर टीका करणारे पुस्तक वर्गांकाच्या न्यायाने शेजारी शेजारी येतात आणि वर्षानुवर्षे एकमेकांना खेटून राहतात. ग्रंथालय हे त्या अर्थाने लोकशाहीचे सर्वांत शांत रूप आहे. आणि राज्यकर्त्याने ग्रंथालये उभारली म्हणजे, त्याला जाणवो वा न जाणवो, आपल्या विरोधकालाही त्याने छप्पर दिलेले असते.

येथवर सारे गोड आहे. परंतु आपला प्रश्न राज्यकर्ता ग्रंथांची कदर करतो की नाही असा नव्हता. ग्रंथ राज्यकर्त्याला चांगला करतात की नाही, असा होता. आणि या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर फारसे सुखावणारे नाही. जर्मनीचा योझेफ गोबेल्स हा निरक्षर गुंड नव्हता. हायडेलबर्ग विद्यापीठाची वाङ्मयातील डॉक्टरेट त्याच्या नावापुढे होती, आणि त्याने कादंबरीही लिहिली होती. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनी ग्रंथांची होळी केली तेव्हा त्यांच्यापुढे भाषण करायला हाच वाङ्मयाचा डॉक्टर उभा होता. ज्याला पुस्तकाचे सामर्थ्य कळत नाही तो पुस्तके जाळण्याच्या भानगडीत पडत नाही. तो ती रद्दीत विकतो. ग्रंथांना आग लावण्याचे सुचते ते बहुधा वाचणाऱ्यालाच.

हे उदाहरण फार टोकाचे वाटत असेल तर आपल्याच घरातले, आणि दोन थोर माणसांचे उदाहरण घेऊ. १९५६ साली मुंबईचा प्रश्न पेटला होता. चिंतामणराव देशमुख तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते. संस्कृतचे गाढे अभ्यासक, कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात उतरवणारे. पुढे नॅशनल बुक ट्रस्टचे प्रमुखपद सांभाळणारे आणि दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत अग्रभागी असणारे. त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच प्रश्नावर यशवंतराव पक्षश्रेष्ठींच्या बाजूने राहिले, महाराष्ट्रभर टीकेचे धनी झाले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. साडेतीन वर्षांनी संयुक्त महाराष्ट्र आला. एकाचा बाणेदारपणा त्यात उपयोगी पडला की दुसऱ्याचा धीर, की रस्त्यावर उतरलेल्या लोकांचे बलिदान, याविषयी मतभेद आहेत आणि राहतील. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की दोघेही वाचणारे होते, दोघांनाही महाराष्ट्र प्रिय होता, आणि ग्रंथांनी दोघांना एकच वाट दाखवली नाही. राजीनामा द्यावा की राहावे, हे कोणत्याही फडताळावर लिहून ठेवलेले नसते.

मग वाचन करते तरी काय? या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी आपल्याला १९७५ सालच्या कराडला गेले पाहिजे. त्या वर्षी २५ जूनला देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली, विरोधी पक्षांचे नेते स्थानबद्ध झाले. आणि त्याच वर्षी कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत, ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ या ग्रंथांच्या लेखिका. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. ते तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री होते. म्हणजे ज्या सरकारने लेखणीवर पहारा बसवला होता त्या सरकारातील एक ज्येष्ठ मंत्री लेखकांचे आतिथ्य करीत होता, आणि तेही ज्या गावात तो शाळेत शिकला त्या गावात.

दुर्गाबाईंनी तेथे लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. बंदिवासातून आजारी होऊन बाहेर आलेल्या जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी त्या सभेला केले. यजमानाच्या घरात उभे राहून यजमानाच्या सरकारविरुद्ध बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे. तसेच, हेही सांगितले पाहिजे की ते संमेलन पार पडले. यशवंतरावांच्या अंगच्या सुसंस्कृतपणाचा तो भाग आपण मान्य केला पाहिजे. निदान त्या मंडपात शब्द मोकळा राहिला. परंतु मंडप उठल्यावर यशवंतराव दिल्लीला परतले आणि मंत्रिमंडळात राहिले. पुढच्या वर्षी, १९७६ साली, दुर्गाबाईंना अटक झाली. ती झाली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून.

या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. १९३२ साली परक्या सरकारने एका शाळकरी मुलाला तुरुंगात टाकले, आणि त्या तुरुंगाचे ग्रंथालय झाले. चव्वेचाळीस वर्षांनी स्वकीयांच्या सरकारने एका विदुषीला ग्रंथालयातून उचलले आणि तुरुंगात नेले. आणि तो मुलगा आता त्या सरकारात मंत्री होता. योगायोग असा, की मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही त्याच १९७६ साली प्रसिद्ध झाला. ज्ञानाची कदर आणि ज्ञानवंतांची कोठडी एकाच वर्षी, जवळजवळ एकाच शासनपरंपरेत, शेजारी शेजारी नांदली. ग्रंथांवरील प्रेम खोटे होते असे म्हणून हा विरोध सोडवता येत नाही. ते प्रेम खरे होते, म्हणूनच हा विरोध बोचतो. वाचनाची आवड नसलेल्या एखाद्या मंत्र्याविषयी आपण हा प्रश्न विचारलाच नसता.

यशवंतराव त्या काळात मनात काय म्हणत होते, त्यांनी राहणे पसंत केले ते भीतीने, निष्ठेने की आत राहून काही सावरता येईल या आशेने, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९५६ सालीही ते राहिले होते, आणि तेव्हाच्या राहण्यातून काही चांगले निष्पन्न झाले असे अनेक जण पुढे म्हणू लागले होते. माणसाला एकदा जी वाट फळली ती दुसऱ्यांदाही फळेल असे वाटणे स्वाभाविक आहे. निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मात्र निश्चितपणे सांगता येते. त्या मंडपातील स्वागताध्यक्षाला, समोरची विदुषी काय बोलत आहे हे समजत नव्हते, असे कोणीही म्हणू शकत नाही. ज्याला तुरुंगात स्वातंत्र्याचे पहिले धडे पुस्तकांनी दिले, त्याला स्वातंत्र्याचा अर्थ विचारून घ्यावा लागत नाही. वाचन करते ते एवढेच. ते माणसाला चांगला करीत नाही. त्याच्याजवळची अज्ञानाची सबब तेवढी काढून घेते.

हे काढून घेणे किती मोठे आहे, ते लक्षात घेतले पाहिजे. जगातील बहुतेक अन्याय दुष्टपणाने होत नाहीत. ते ‘मला कल्पना नव्हती’ या चार अंगुळांच्या आडोशाला बसून होतात. उपाशी माणसाला काय वाटते याची कल्पना नव्हती, घर सोडून निघालेल्या बाईला काय वाटते याची कल्पना नव्हती, कागदावरच्या एका शेऱ्याने दुसऱ्याच्या आयुष्याची किती वर्षे जातात याची कल्पना नव्हती. कथा, कादंबरी, चरित्र, इतिहास हे सारे मिळून ही कल्पना आपल्याला देतात. ज्याने ती एकदा घेतली त्याला ती परत करता येत नाही. यापुढे तो जे करील ते जाणून करील. बरे करील तर जाणून, वाईट करील तर जाणून, आणि स्वस्थ बसेल तर तेही जाणून.

आपल्या परंपरेला हे सत्य फार पूर्वी उमगले होते. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा तिथे अज्ञानी माणसांची सभा भरलेली नव्हती. भीष्म होते, द्रोण होते. धर्मशास्त्र ज्यांच्याकडून शिकावे अशी माणसे होती. धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून भीष्मांनी उत्तर टाळले. बोलला तो विकर्ण, कौरवांपैकीच एक तरुण, ज्याच्या विद्वत्तेची कोणी कधी वाखाणणी केली नाही. व्यासांनी हा प्रसंग असा रचला यात मोठा अर्थ आहे. विद्या आणि धैर्य या दोन निरनिराळ्या दौलती आहेत. एक असली म्हणजे दुसरी आपोआप येते असे नाही. परंतु आपण आजही विकर्णाच्या भावांना दोष देताना हात आखडता घेत नाही आणि भीष्मांचे मौन मात्र विसरू शकत नाही. दुःशासनाकडून आपली अपेक्षा नव्हती. ज्याला समजते त्याच्याकडूनच उत्तर मागितले जाते.

यावर कोणी असे म्हणेल, की मग न वाचणेच शहाणपणाचे नव्हे काय? सबबच गमवायची असेल तर ग्रंथालयाची पायरी चढावी कशाला? हा प्रश्न थट्टेचा दिसतो. पण सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाला त्यातील मोह ओळखीचा आहे. कित्येक जण वयाच्या चाळिशीनंतर परिपत्रकांखेरीज काही वाचत नाहीत, आणि त्याचे कारण वेळ नाही असे सांगतात. खरे कारण कधी कधी निराळे असते. जे वाचून मन अस्वस्थ होते ते वाचायचे नाही, असा त्यांचा निश्चय झालेला असतो. परंतु अस्वस्थ व्हावे लागेल या भीतीने ज्याने पुस्तक मिटले, त्याला आत काय आहे याची चाहूल लागलेलीच असते. तेव्हा त्याची सबबही खरी राहिली नाही. मुद्दाम पत्करलेले अज्ञान हे अज्ञान नव्हे. तोही एक निर्णयच आहे.

आता आपल्याकडे वळू. आपण कोणी परराष्ट्रमंत्री नाही. आपल्या राजीनाम्याने कोणतेही सरकार हलणार नाही, आणि त्याची बातमीही होणार नाही. आपली सत्ता म्हणजे फाईलच्या डाव्या बाजूला लिहिलेल्या चार ओळी. परंतु त्या चार ओळींचे स्वरूप एकदा न्याहाळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका दूरच्या जिल्ह्यातल्या विधवेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज समोर आला आहे. नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिचे नाव एका पद्धतीने लिहिले आहे, बँकेच्या कागदावर दुसऱ्या. ‘विसंगती दूर करून अर्ज पुन्हा सादर करावा’ अशी टिप्पणी लिहिणे पूर्णपणे नियमाला धरून आहे, आणि तिला अर्धे मिनिट लागते. त्याच नियमावलीत चौकशी करून, प्रतिज्ञापत्र मागवून, संबंधित कार्यालयाला आपणच पत्र लिहून प्रकरण मार्गी लावण्याचीही वाट असते. तिला अर्धा दिवस लागतो. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत. कोणती धरायची हे नियम सांगत नाही.

फाईलची भाषा माणसाचा चेहरा पुसण्यासाठीच बनलेली आहे. तिच्यात ‘अर्जदार’ असतो, ‘संदर्भाधीन प्रकरण’ असते, ‘वरील विषय’ असतो. हा तिचा दोष आहे असेही नाही. हजारो प्रकरणे समानतेने हाताळायची तर चेहरे थोडे पुसावेच लागतात. नाहीतर ओळखीच्या चेहऱ्याचे काम आधी होईल आणि अनोळखी चेहरा दाराबाहेर राहील. परंतु ज्याने आदल्या रात्री एका आईची, तिच्या मुलांची आणि घरावर आलेल्या जप्तीची गोष्ट वाचून डोळे पुसले, तो सकाळी ‘अर्जदार’ हा शब्द वाचताना त्यामागे कोणी नाही असे मानू शकत नाही. ‘श्यामची आई’ वाचून ज्याला रडू आले आणि तरीही ज्याने तो अर्ज कारण नसताना परत पाठवला, त्याच्याविषयी ग्रंथ काय सांगतात? तो वाईट माणूस आहे असे ते सांगत नाहीत. त्याला माहीत होते, इतकेच ते सांगतात.

म्हणून, वाचणाऱ्या माणसाची आपण जी स्तुती करतो तिचा रोख थोडा बदलावा असे मला वाटते. वाचन हे भूषण म्हणून सांगणे थांबवून ते उत्तरदायित्व म्हणून सांगितले पाहिजे. एखाद्याने पुष्कळ जमीन घेतली तर त्याच्यावरचा साराही वाढतो. तसे हे आहे. ज्याने अधिक वाचले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, आणि मागणारे दुसरे कोणी नसले तर त्याची स्वतःची पुस्तकेच मागतील. दिवाणखान्यातील कपाट हे शोभेचे सामान नाही. ती घरात बसवलेली एक साक्षीदारांची रांग आहे. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आज कराडला, त्यांच्या पत्नीच्या नावाने उभ्या असलेल्या वेणूताई चव्हाण स्मारकात जतन केलेला आहे. तिथे जाणाऱ्याने नुसते ‘केवढे हे वाचन!’ म्हणून परतू नये. ज्या माणसाजवळ इतकी साक्षीदार मंडळी होती, त्याला आयुष्यात कितीदा स्वतःशी झगडावे लागले असेल, याचाही विचार करावा. त्यांच्याविषयीचा माझा आदर या विचाराने कमी झालेला नाही. तो आंधळा राहिला नाही, इतकेच.

‘कृष्णाकाठ’ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ साली प्रसिद्ध झाला. १९४६ च्या सुमारास, ते मुंबईकडे निघतात तेथे, तो थांबतो. पुढच्या भागांत मुंबईची आणि दिल्लीची वर्षे यायची होती. दिल्लीच्या भागाला ‘यमुनाकाठ’ असे नाव द्यावे असा त्यांचा मानस होता. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीतच त्यांचे निधन झाले आणि तो भाग कधीच लिहिला गेला नाही. मराठी वाङ्मयातील न लिहिलेल्या पुस्तकांत हे पुस्तक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कृष्णाकाठी अन्याय सोसणारा मुलगा होता. यमुनाकाठी निर्णय घेणारा मंत्री होता, आणि १९७५ सालाविषयी त्या मंत्र्याला मुलापुढे बोलावे लागले असते. ते बोलणे कसे झाले असते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. परंतु पन्नासहून अधिक वर्षे तुरुंगातल्या पुस्तकांचे ऋण मनात बाळगणाऱ्या त्या लेखकाने त्या प्रकरणाची सुरुवात ‘मला ठाऊक नव्हते’ या शब्दांनी केली नसती, एवढी खात्री ‘कृष्णाकाठ’ वाचणाऱ्या कोणालाही वाटेल. यमुनेच्या काठी नोकरी करून, सेवानिवृत्तीनंतर आपापल्या कृष्णेकडे, गोदेकडे, वैनगंगेकडे परतणाऱ्या आपल्या साऱ्यांनाही, कोणी विचारले तर, आपले यमुनाकाठचे प्रकरण सांगावे लागेल. आपण वाचणारी माणसे आहोत, हे सांगणाऱ्याने तेव्हा विसरता कामा नये.